टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस : एका संगणकसंस्थेची धोरणांतरे

राज्ये, किल्ले आणि घराणी यांचा इतिहास मराठीत विपुल आहे. व्यापारी संस्थांच्या इतिहासाकडे मात्र मराठी संशोधनाने त्या मानाने फार थोडे लक्ष दिलेले आहे. पेढ्या, गिरण्या व कारखाने यांच्यासंबंधी जे लेखन होते ते बहुधा गौरवग्रंथाच्या स्वरूपाचे असते, आणि गौरवग्रंथात संस्थेचा प्रत्येक निर्णय दूरदृष्टीचाच ठरतो. वस्तुतः व्यापारी संस्थेचे धोरण दूरदृष्टीपेक्षा अडचणीतून अधिक वेळा जन्मास येते. मुंबईत १९६८ साली स्थापन झालेली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था या विधानाचे चांगले उदाहरण होय. गेल्या सहा दशकांच्या सुमारास तिने आपला व्यवसाय निदान पाच वेळा बदलला. त्यांपैकी बहुतेक बदलांचे मूळ यंत्राच्या प्रगतीत जितके आढळते, तितकेच ते परवाना, जकात, परकीय चलन आणि कामगारसंघटना यांतही आढळते. हे दुसरे अंग सामान्यतः दुर्लक्षित राहते, म्हणून त्याचाच येथे विशेष विचार केला आहे.

संस्थेचा आरंभ अगदी साधा होता. टाटा उद्योगसमूहातील कंपन्यांचे हिशेब यंत्रावर करून देण्यासाठी टाटा सन्सने प्रथम एक संगणक केंद्र काढले आणि त्यातूनच १ एप्रिल १९६८ रोजी टाटा सन्सचा एक विभाग म्हणून ही संस्था उभी राहिली. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यासाठी पंच कार्डांची कामे, युनिट ट्रस्टच्या भागधारकांच्या नोंदी, मुंबईच्या दूरध्वनी खात्याची कामे अशी तिची पहिली गिऱ्हाइके होती. यांतील एक काम विशेष लक्ष देण्याजोगे आहे, ते म्हणजे सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या आंतरशाखा व्यवहारांचा ताळमेळ. हे काम काय होते, हे उदाहरणावाचून नीट ध्यानात यावयाचे नाही. समजा, परंड्याच्या एखाद्या धान्यव्यापाऱ्यास मुंबईच्या अडत्याने पैसे पाठविले. अडत्याने मुंबईच्या शाखेतून ड्राफ्ट काढला आणि व्यापाऱ्याने तो बार्शीच्या शाखेत वटविला. मुंबईची शाखा आपल्या वहीत पैसे आल्याची नोंद करते, बार्शीची शाखा पैसे दिल्याची नोंद करते, आणि दोन्ही शाखा एकेक सूचनापत्र मुख्य कचेरीस धाडतात. ही दोन पत्रे एकमेकांशी जुळेपर्यंत ती रक्कम कोणाच्याही खात्यात नसते. ती केवळ लटकत राहते. एका ड्राफ्टच्या बाबतीत याचे काही वाटत नाही. शेकडो शाखांच्या अशा सूचनापत्रांचे ढीग मात्र वर्षानुवर्षे न जुळता पडून राहत, आणि खोटा ड्राफ्ट वटविणाऱ्यास हेच ढीग सोयीचे आच्छादन ठरत. मोठ्या प्रमाणावर जोड्या लावण्याचे हे काम यंत्राने करून देणे, हा संस्थेचा पहिला खरा धंदा होता. त्यात यंत्र बनविणे नव्हते, विकणेही नव्हते. यंत्राकडून काम करवून घेण्याचे कौशल्य एवढेच तिच्याजवळचे भांडवल होते.

या कौशल्यास शिस्त लावण्याचे श्रेय फकीरचंद कोहली यांच्याकडे जाते. १९२४ साली पेशावर येथे जन्मलेले कोहली हे मूळचे विद्युत अभियंते होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्थेत १९५० साली पदव्युत्तर शिक्षण पुरे करून ते मुंबईच्या टाटा वीज कंपन्यांत आले. सह्याद्रीतील जलविद्युतकेंद्रांतून आणि मुंबईच्या औष्णिक केंद्रातून कोणत्या क्षणी किती वीज घ्यावी, या प्रश्नाचे गणित मांडण्यासाठी त्यांनी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सीडीसी ३६०० या यंत्राचा उपयोग केला होता. १९६९ साली ते नव्या संस्थेत आले. त्यामुळे तिच्या विचारसरणीत हिशेबनिसापेक्षा अभियंत्याची दृष्टी बलवत्तर झाली. प्रत्येक काम टप्प्याटप्प्याने मोजता आले पाहिजे, एका माणसाचे काम दुसऱ्यास उचलता आले पाहिजे, हा आग्रह पुढे संस्थेच्या मोठ्या विस्तारास कारण झाला.

त्या काळी भारतातील संगणकक्षेत्रावर इंटरनॅशनल बिझनेस मशिन्स, म्हणजे आयबीएम, या अमेरिकन कंपनीचे वर्चस्व होते. तिची रीत यंत्र विकण्यापेक्षा भाड्याने देण्याची होती. अमेरिकेत १९६४ साली तिने सिस्टिम ३६० ही नवी यंत्रमाला काढली. भारतात मात्र तिकडे जुनी ठरलेली १४०१ जातीची यंत्रे दुरुस्त करून भाड्याने दिली जात होती, आणि याबद्दल संसदेच्या समितीने पुढे कठोर टीका केली. परंतु आयबीएमच्या एका निर्णयाचा परिणाम भारतावर अप्रत्यक्षपणे फार झाला. २३ जून १९६९ रोजी तिने यंत्र आणि यंत्रावर चालणाऱ्या आज्ञावल्या यांची किंमत वेगवेगळी आकारण्याचे जाहीर केले. अमेरिकन सरकारच्या मक्तेदारीविरोधी खटल्याचे सावट हे यामागचे एक कारण होते. तोवर आज्ञावली ही यंत्राबरोबर मिळणारी, जवळजवळ फुकटची वस्तू होती. यापुढे ती विकण्याची वस्तू झाली. भारतातील संस्था स्थापन झाल्यावर अवघ्या चौदा महिन्यांत हे घडले. मुंबईत त्याचा अर्थ लगेच उमगला असे म्हणण्यास आधार नाही.

मुंबईपुढील प्रश्न वेगळेच होते. स्वदेशात संगणकास गिऱ्हाईक मिळणे कठीण होते. यंत्रावरील आयात जकात जबर होती, परकीय चलनाचा तुटवडा होता, आणि त्याहून मोठा अडथळा कर्मचाऱ्यांच्या विरोधाचा होता. आयुर्विमा महामंडळाच्या कलकत्ता कार्यालयात यंत्र बसविण्याविरुद्ध कर्मचाऱ्यांनी दीर्घ लढा दिला, तो याच दशकातला. हा विरोध केवळ अडाणी होता असे मानण्याचा प्रघात आहे. तो अन्यायाचा आहे. सुशिक्षितांची बेकारी वाढत असताना कारकुनाची जागा यंत्रास देऊ नये, ही मागणी त्या काळच्या परिस्थितीस धरूनच होती. केंद्र सरकारने १९६९ साली स्वयंचलनाच्या प्रश्नावर समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर यांच्याकडे दिले. दारिद्र्याचा अभ्यास करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञास हे काम द्यावेसे वाटले, यावरूनच सरकार या प्रश्नाकडे कोणत्या दृष्टीने पाहत होते ते दिसून येते. समितीचा अहवाल १९७२ साली आला. बँकांमध्ये यंत्रांना मर्यादित वाव देणारा करार तर कर्मचारी संघटना आणि बँकांची संघटना यांच्यात १९८३ साली झाला.

घरचे दार असे अर्धवट मिटलेले असताना बाहेरचे दार उघडण्याची किल्ली सरकारी नियमात सापडली. निर्यातीची हमी देणाऱ्यास संगणक आयात करण्याची मुभा १९७२ साली मिळाली. अट अशी की, आयात केलेल्या यंत्राच्या किमतीच्या दुप्पट किमतीची आज्ञावली पाच वर्षांत परदेशी विकली पाहिजे. संस्थेस अमेरिकेच्या बरोज कंपनीचे यंत्र हवे होते. ते आणावयाचे तर निर्यात करणे प्राप्त होते, आणि निर्यात करावयाची तर बरोजचेच काम मिळविणे सोयीचे होते. भारतातील आज्ञावली-निर्यातीचा आरंभ असा एका यंत्राच्या आयातीपोटी झाला. दख्खनच्या इतिहासात परकीय तंत्राची आयात नवी नव्हे. परंड्याच्या किल्ल्यावर काही काळ असलेली आणि १६३२ साली विजापुरास नेली गेलेली मुलुखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगर येथे ओतली गेली ती एका रूमी उस्तादाच्या हातून. तेथे धातू आणि भट्टी येथली होती, कसब बाहेरून आलेले होते. १९७४ सालचा व्यवहार नेमका उलटा होता : यंत्र बाहेरून यावयाचे होते आणि कसब येथून जावयाचे होते.

ते पहिले काम थोडे तपशिलाने पाहण्यासारखे आहे. बरोज कंपनीकडे रुग्णालयांच्या हिशेबाची एक आज्ञावली होती. ती तिच्या मध्यम आकाराच्या यंत्रांसाठी कोबॉल भाषेत लिहिलेली होती. आता ती लहान आकाराच्या यंत्रांवर चालावयास हवी होती. भाषेचे नाव एक असले तरी दोन्ही यंत्रांवरची बोली भिन्न होती, जसे देशावरचे मराठी कोकणात शब्दशः चालत नाही. सरळ मार्ग म्हणजे माणसे बसवून ओळ न् ओळ पुन्हा लिहून काढणे. मुंबईत तर यांपैकी कोणत्याच जातीचे यंत्र हाताशी नव्हते. होते ते आयसीएल १९०३ हे ब्रिटिश बनावटीचे यंत्र. तेव्हा त्या तिसऱ्याच यंत्रावर अशी आज्ञावली लिहिण्यात आली की, जिच्यात एका बोलीतील मजकूर घातला असता दुसऱ्या बोलीतील मजकूर बाहेर पडावा. याचे महत्त्व दुहेरी आहे. एक तर काम करणारा आणि काम घेणारा यांच्यामध्ये अर्धे जग असले तरी काम होऊ शकते, हे सिद्ध झाले. दुसरे असे की, माणसांच्या मेहनतीऐवजी उपकरण घडवून काम उरकण्याची वृत्ती पहिल्याच निर्यातीत दिसून आली. ही दुसरी गोष्ट पुढील काळात पुष्कळदा विसरली गेली, हे खेदाने नमूद करावे लागते.

१९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणण्यास सांगितले. आयबीएमने सेवाकेंद्राचा भाग वेगळा काढून त्यात भारतीय भागीदार घेण्याची तयारी दर्शविली, परंतु मुख्य व्यवसायावरील संपूर्ण मालकी सोडण्यास ती कबूल झाली नाही. जनता सरकारच्या काळात बोलणी फिसकटली आणि १९७८ साली कंपनीने भारतातून गाशा गुंडाळला. तिच्या यंत्रांच्या देखभालीचे काम सार्वजनिक क्षेत्रातील सीएमसीकडे आले. या घटनेचा निवाडा आजही एकमताने होत नाही. देशी संस्थांना मोकळे रान मिळाले हे खरे. परंतु त्याच वेळी जगातील यंत्रांपैकी बहुसंख्य यंत्रे आयबीएमची होती आणि ती हाताळण्याची संधी भारतीय अभियंत्यांस घरी मिळेनाशी झाली, हेही तितकेच खरे. पुण्यामुंबईत याच सुमारास नव्या संस्था उगवू लागल्या. पटणी कॉम्प्यूटर सिस्टिम्समधून बाहेर पडलेल्या अभियंत्यांनी १९८१ साली पुण्यात इन्फोसिसची नोंदणी केली. ती दोन वर्षांनी बंगळूरास गेली, ही पुण्याच्या औद्योगिक इतिहासातील एक हुकलेली संधी म्हणावी लागेल.

टाटांच्या संस्थेवर याच वेळी वेगळेच संकट आले, आणि तेही घरातून. बरोज कंपनी व टाटा यांनी मिळून टाटा बरोज ही स्वतंत्र कंपनी काढली व अंधेरीच्या सिप्झ या निर्यातक्षेत्रात तिचे काम चालू झाले. त्यामुळे बरोजकडून येणारे काम धाकट्या भावंडाकडे गेले; ज्या गिऱ्हाइकावर निर्यातीची इमारत उभी होती तेच नाहीसे झाले. या प्रसंगी संस्थेने जे केले त्यास तिच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे धोरणांतर मानले पाहिजे. एका यंत्रनिर्मात्यावर अवलंबून राहण्याचे सोडून तिने यंत्र वापरणाऱ्या बँका व विमाकंपन्या गाठावयाचे ठरविले. १९७९ साली एस. रामदोराई यांना न्यू यॉर्क येथे कचेरी उघडण्यासाठी धाडण्यात आले. पुढे १९९६ साली तेच कोहलींचे उत्तराधिकारी झाले.

यानंतरच्या दशकात ज्या पद्धतीने धंदा वाढला तिचे निर्भेळ कौतुक करणे कठीण आहे. दळणवळण महाग व तुटपुंजे असल्यामुळे काम येथे आणण्याऐवजी माणसेच तिकडे नेऊन तासांच्या हिशेबाने त्यांचे काम विकले जाई. आपल्या उत्तम अभियंत्यांचा खर्च भारतीय करदात्याने करावा आणि त्यांचे तास परदेशी बँकेने विकत घ्यावेत, हा व्यवहार चलन मिळवून देणारा असला तरी फार अभिमानास्पद नव्हता. कोहलींना याची जाणीव असावी, असे त्यांच्या दोन निर्णयांवरून वाटते. १९८१ साली पुण्यात टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्र स्थापन झाले. तेथे आज्ञावली लिहिणारी उपकरणे घडविण्यावर संशोधन सुरू झाले. दुसरे म्हणजे, स्वित्झर्लंडमधील रोखे-व्यवहारांची संपूर्ण प्रणाली उभारण्याचे जोखमीचे काम संस्थेने अंगावर घेतले आणि १९८९ साली ते पुरे करून दिले. त्या अनुभवाचा लाभ नंतर मायदेशासही झाला. मुंबईत १९९६ साली राष्ट्रीय रोखे निक्षेपालय सुरू झाले आणि कागदी भागपत्रांची जागा संगणकातील नोंदींनी घेतली, त्या यंत्रणेची उभारणी याच संस्थेने केली.

१९९१ नंतरचा काळ सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. आयबीएम १९९२ साली भारतात परत आली ती टाटांशीच भागीदारी करून. चौदा वर्षांपूर्वी भागीदार नको म्हणून गेलेल्या कंपनीने भागीदार शोधत यावे, यात तिच्या स्वतःच्या संकटाचाही भाग होता, कारण १९९३ साली तिला आठ अब्ज डॉलर्सचा तोटा झाला. त्यानंतर लुई गर्स्टनर यांच्या नेतृत्वाखाली आयबीएम यंत्रे विकणारी कंपनी न राहता सेवा विकणारी कंपनी बनत गेली, आणि २००५ साली तर तिने आपला घरगुती संगणकांचा धंदा लेनोव्हो या चिनी कंपनीस विकून टाकला. ज्या ठिकाणी मुंबईची संस्था निर्धनतेमुळे पोहोचली होती, तेथे आयबीएम संपन्नतेच्या ओझ्याखालून वाट काढीत आली. २०१७ साली तर आयबीएमचे अमेरिकेपेक्षा भारतातच अधिक नोकर असल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. दरम्यान सन २००० च्या तारखांचा प्रश्न उद्भवला. जुन्या कोबॉल आज्ञावल्यांतील दोन अंकी वर्षे चार अंकी करण्याचे काम भारतीय संस्थांना मोठ्या प्रमाणावर मिळाले. तेही मूलतः भाषांतराचेच काम होते. २००१ साली सीएमसीची मालकी टाटांकडे आली. ऑगस्ट २००४ मध्ये संस्थेचे भाग प्रथमच खुल्या बाजारात विकले गेले, आणि टाटा सन्सचा एक विभाग म्हणून छत्तीस वर्षे चाललेला तिचा कारभार सार्वजनिक कंपनीचा झाला.

स्वदेशातील कामांपैकी एकाचा उल्लेख मात्र टाळता येणार नाही. स्टेट बँक समूहाच्या सर्व शाखा एका मध्यवर्ती खातेवहीस जोडण्याचे काम संस्थेकडे आले आणि २००८ पर्यंत ते पुरे होत आले. यासाठी जी प्रणाली वापरली ती मूळ एका ऑस्ट्रेलियन कंपनीची होती. ती कंपनीच २००५ साली संस्थेने विकत घेतली. या समूहात स्टेट बँक ऑफ हैदराबादही होती. मराठवाड्याच्या दृष्टीने या गोष्टीस वेगळे महत्त्व आहे. परंडे तालुका ज्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात मोडतो, तो १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याची बँक १९४१ साली निघाली तेव्हा तिचे हिशेब हाली शिक्क्यात चालत, आणि ब्रिटिश रुपयाशी त्याचा बट्टा धरावा लागे. तीच बँक पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली व २०१७ साली स्टेट बँकेत विलीन झाली. हाली शिक्क्यात मजुरी घेतलेल्या माणसाने म्हातारपणी मध्यवर्ती खातेवहीतून पैसे काढावेत, इतक्या थोड्या अवधीत हे स्थित्यंतर घडले. शाखाशाखांतील सूचनापत्रे जुळविण्याचे जे काम संस्थेने आरंभी हाती घेतले होते, ते या प्रणालीने जवळजवळ निकालात काढले. खातेवहीच एक झाल्यावर जुळवावयाचे काही उरत नाही.

निवृत्तीनंतर कोहलींनी प्रौढ साक्षरतेचे एक काम हाती घेतले, ते त्यांच्या धंद्यातील कामांइतके ज्ञात नाही. २००० च्या सुमारास तेलुगूपासून प्रारंभ होऊन ते मराठीसह अनेक भाषांत गेले. अक्षरे सुटी न शिकविता शब्दांची चित्रे पडद्यावर दाखवून सुमारे चाळीस तासांत निरक्षरास वाचावयास शिकवावे, आणि त्यासाठी कंपन्यांनी टाकून दिलेले जुने संगणक वापरावेत, अशी ही योजना होती. लिहिणे त्यात नव्हते, केवळ वाचन होते. संस्थेच्या व्यापारी धोरणात या कामास कधीच मध्यवर्ती स्थान मिळाले नाही. भारतीय भाषांत संगणक चालावा याबद्दल कोहली अखेरपर्यंत बोलत राहिले. २०२० च्या नोव्हेंबरात त्यांचे निधन झाले. संस्थेचे उत्पन्न मात्र मुख्यतः इंग्रजी बोलणाऱ्या देशांतून येत राहिले, आणि धोरण उत्पन्नामागे गेले.

२०२४-२५ या वर्षी संस्थेचे उत्पन्न तीस अब्ज डॉलर्सवर गेले आणि नोकरांची संख्या सहा लाखांच्या घरात होती. मराठवाड्यातील अभियांत्रिकीच्या पदवीधरांना पुण्याच्या हिंजवडीत जी नोकरी मिळते, तिची कल्पना या आकड्यांवाचून येत नाही. परंतु तासांच्या हिशेबाने चालणाऱ्या धंद्यावर आता नवे यंत्र चालून आले आहे : मजकुराप्रमाणे आज्ञावलीही लिहू शकणारी कृत्रिम बुद्धी. जुलै २०२५ मध्ये संस्थेने सुमारे बारा हजार, म्हणजे शेकडा दोन, नोकर कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत मधल्या व वरच्या श्रेणीचे लोक प्रामुख्याने होते. हे नव्या यंत्रामुळे नसून कौशल्ये जुळत नसल्यामुळे आहे, असा खुलासा संस्थेने केला. पुण्यातील कर्मचाऱ्यांच्या संघटनेने केंद्रीय श्रममंत्रालयाकडे दाद मागितली. दांडेकर समितीपुढे बँकेतील कारकुनाचा जो प्रश्न होता, तोच आता संगणकावर काम करणाऱ्याचा झाला आहे. फरक एवढाच की २०२५ साली ही कपात जाहीर झाली तेव्हा तशी समिती नेमली गेली नव्हती.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबर महिन्यात संस्थेने कृत्रिम बुद्धीसाठी भारतात प्रचंड संगणकगृहे उभारण्याचा संकल्प जाहीर केला. अर्धशतकाहून अधिक काळ केवळ माणसांच्या कौशल्यावर चाललेली, यंत्रात भांडवल गुंतविणे शक्य तितके टाळणारी संस्था यंत्रांकडे वळली. या संगणकगृहांची क्षमता आज्ञावल्यांच्या संख्येत किंवा माणसांच्या तासांत सांगितलेली नाही. ती एक गिगावॉट, म्हणजे विजेच्या मापात, सांगितलेली आहे. आणि हे माप टाटा वीज कंपनीतून आलेल्या कोहलींना कोणाकडून समजावून घ्यावे लागले नसते.